ह्यांच्या वाट्याचं डुक्कर

सोमवार, ४ मार्च
आज गावसभेत ह्यांना मांडी घालता आली नाही. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद — चादर लागली तरी कळवळतात. आमच्या सामोआत सभेत पाय पसरणं म्हणजे असभ्यपणा. पसरलाच तर वर चटई ओढायची — म्हणजे म्हातारा झालो हे गावाला सांगायचं! मग ह्यांचं 'मासोए' हे सरदारपद आणि सभेतली खांबाजवळची जागा पुतण्याला, पोउओनोला. तो टपूनच बसलाय. "काका, आता घरी आराम करा," म्हणाला. सगळ्यांसमोर.

मंगळवार, ५ मार्च
दवाखाना. डॉक्टरीणबाई ह्यांना चांगल्याच रागावल्या. युरिक ॲसिडची गोळी रोजची आहे, हे दुखेल तेव्हाच घेतात. डुक्कर, डब्यातलं मांस, बिअर बंद. युरिक ॲसिड वाढलं की मूत्रपिंडं मुकाट्याने जातात, म्हणाल्या. हे छताकडे बघत होते.
साठीपुढच्या सगळ्यांचं रक्त तपासतायत, म्हणून माझंही घेतलं.

सोमवार, ११ मार्च
सभेत डुक्कर कापलं. हे गेले नाहीत, तरी पाठीचा वाटा टोपलीतून घरी आला. सरदाराचा मान, नाही म्हणता येत नाही. शेजारी वाटावा तर सगळं गाव विचारणार, मासोए का खात नाहीत? तीन वर्षांपूर्वी अंगठा पहिल्यांदा सुजला, तेव्हापासून ह्यांचा वाटा मीच संपवते. दार लावून. आजही संपवला. चव लागली नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही.

शुक्रवार, २२ मार्च
ह्यांनी गोळी घेतली. मी समोर उभी होते.

सोमवार, ८ एप्रिल
सभेत तीन तास मांडी घालून बसले! हे हसत घरी आले, हातात टोपली. कित्येक महिन्यांनी हसले. मला आनंद व्हायला हवा होता. भांडी घासली, झोपले.

मंगळवार, ९ एप्रिल
आपियाहून रक्ताचे निकाल आले. ह्यांचं रक्त गेल्या आठवड्यात पुन्हा घेतलं होतं; युरिक ॲसिड उतरलंय. माझं, ह्यांचं कधी नव्हतं एवढं. मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलीत. "कधी काही दुखलं नाही?" बाईंनी दोनदा विचारलं. नाही. कधीच नाही.
घरी आले तर ह्यांनी कालची टोपली पुढे सारली. "लोसा, खाऊन टाक. कोणी यायच्या आत."