मधला ‘या’

२८ फेब्रुवारी १८६४, रविवार

ह्या वहीत बाप्तिस्मे लिहाचे असतात. तीन वर्षांत एकही झाला नाही. पानं कोरी पडली आहेत, तर आता मी लिहीन — मनात येईन ते. पाद्रीबाबाले राग आला तर येऊ दे. त्याइच्याच चिठ्ठीनं मले लिहाले बसवलं.

चिठ्ठी छावणीहून आली. मजकूर असा — गावात ख्रिस्ती घरं चार होती, तीन कापसाच्या कामाले अमरावतीले गेली, उरली एकटी मार्था. एका बाईसाठी देऊळ उघडं ठेवण्यात अर्थ नाही. मूर्ती अन् घंटा छावणीच्या मोठ्या देवळात न्यावी. इमारत पक्की अन् कोरडी आहे, ती दोन हंगाम कापूस भराले एका दलालाले द्यावी. खाली आणखी एक ओळ — "मार्था, तुला इथे झाडलोटीचे काम देऊ."

झाडलोट! मग वीस वर्षं मी इथं काय करून राहिली होती? माहे वडील, अप्पा, गेल्यापासून घंटा म्या वाजवली. मुडदे म्या धुतले. लेकरू मराले टेकलं तर त्याच्या डोक्यावर पाणी म्या घातलं, कारण पाद्री वर्षातून एकदा येते अन् मरण काही त्याची वाट पाहत नाही. आता छावणीत जाऊन गोऱ्या सोजिरांच्या बुटाची माती झाडू म्हणतात.

नाही जात. लिहून ठेवलं.

१ मार्च, मंगळवार

"इमारत" हा शब्द दोन दिवस डोक्यात खुपून राहिला. इमारत म्हणजे काय ते ह्या वहीत तरी नीट लिहून ठेवते. मी मेली तर सांगाले कोणी नाही.

हे देऊळ अंतोन जमादारानं बांधलं. गोव्याकडचा माणूस, एलिचपूरच्या नवाबाच्या तोफखान्यात गोलंदाज होता. गावातल्या माळ्याची लेक त्यानं केली अन् नोकरी सुटल्यावर इथंच बसला. त्याले आता सत्तर वर्षं झाली. भिंती दोन हात जाड आहेत — गोलंदाजच तो, भिंत म्हटली की त्याले पहिले समोरची तोफ दिसत असन. दरवाजा इतका बुटका की वाकल्याबिगर आत येता येत नाही. अप्पा म्हणत, ते नम्रतेसाठी. मी म्हणते, अंतोन बुटका असन.

घंटा खरी घंटा नाही. तोफखान्यातला टोले द्यायचा पितळी तास आहे, लिंबाच्या फांदीले साखळीनं टांगलेला. एका बाजूनं तडकला आहे, म्हणून खोकल्यावाणी वाजते. बाप्तिस्म्याचं दगडी भांडं म्हणजे अंतोनच्या बायकोचं उखळ. ती मेल्यावर आत आणून ठेवलं. ही गोष्ट कोण्याच पाद्रीले आजवर कोणी सांगतली नाही, मीही सांगणार नाही.

मरीया माय सागाची आहे, हातभर उंच. दिव्याच्या धुरानं तोंड काळं पडलं. तिच्या पायाखाली साप आहे, तो सैतान. पण गावच्या बायाइले कोण सांगते — नागपंचमीले त्या सापापुढं दूध ठेवून जातात.

दरवाज्यावरच्या दगडावर नाव आहे — मरीया माय. दर नाताळाले मी त्या अक्षरांवर चुना अन् गेरू फिरवते, अप्पा फिरवत तसा. त्यातला ‘या’ बारका आहे, ‘री’ अन् ‘मा’ ह्याइच्या मधी कसाबसा दाटीनं बसलेला. अप्पा म्हणत, पाथरवटाचा अंदाज चुकला. अप्पा नागपुराकडून उपदेशी, म्हणजे पाद्रीच्या हाताखाली धर्म शिकवणारे, म्हणून आले तवा अंतोन मरून गेला होता. मी इथंच जन्मली, ह्याच अंगणात अक्षर शिकली. लग्न होऊन गेली, रांडव होऊन परत आली. अप्पाची कबर लिंबाखाली आहे.

हे सारं मिळून इमारत.

३ मार्च

पाद्रीबाबाले उत्तर धाडलं. एकच ओळ — अप्पाची कबर अंगणात आहे, तीही गाडीत घालून नेता का ते कळवावं.

६ मार्च, रविवार

पार्बताबाई माळीण आज पुन्हा आली. सोबत पाच-सहा बाया, अन् सूपभर लिंबं, हिरव्या बांगड्या, खण. उन्हाळा लागला की हे सुरू होते. पटकी यायच्या आधी मरीमायले, त्या रोगाच्या देवीले, ओटी.

वीस वर्षं हेच चाललं आहे. मी सांगते, ही मरीया माय, येशूची माय. तुमची मरीमाय नव्हे. त्या म्हणतात, "हो नं बाई, मरीमायच तं." मी म्हणते, मधी ‘या’ आहे, ‘या’ म्हणा. त्या म्हणतात, "या, या," अन् हसत हसत आत येतात. झाडू घेऊन मागं धावली म्हणून त्याइनं मार्थाबाईचं मारताबाई केलं. गावभर तेच चालते.

आजही लिंबं उचलून बाहेर फेकली. पार्बताबाईनं एकेक वेचून सुपात भरलं. माह्याहून दहा वर्षांनी मोठी आहे, कंबर वाकली आहे, पण घाई नाही तिले. म्हणे, "फेक तू. मायच्या पायाले तं लागून गेले."

ओटीतला खण मात्र म्या काढला नाही. का नाही काढला, माहीत नाही. थकली असन.

११ मार्च, शुक्रवार

दलाल येऊन गेला. भगवंतराव नाव आहे. अंगात नवा कोट, बैलाइच्या गळ्यात चांदीच्या साखळ्या — ह्या कापसानं लोकाइले काय काय सुचवलं! दूर कुठं गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला, अन् इथं हा माणूस वेदीच्या पायरीवर जोड्यासकट बसला.

म्हटलं, उठा तिथून. उठला. मग काठीनं भिंती मोजत फिरला. "कोरडी आहे हो बाई, लई कोरडी. पावसाळाभर कापसाले काही होणार नाही." मूर्तीपुढं थांबला अन् विचारलं, "हे केव्हा काढता?"

हे! मी म्हटलं, तुम्ही हात लावून पहा, मग सांगते. तो हसला. म्हणे, पाद्रीसाहेबांची चिठ्ठी खिशात आहे, होळी झाली की गाड्या येतात. जाताना दरवाज्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, अन् लिहिलेलं छान आहे म्हणाला.

कापूस आत आला की मूर्ती गेली, तास गेला, अन् मीही गेली. अप्पा तेवढे राहतील लिंबाखाली, वरून गाड्या जातील.

१२ मार्च

जेवली नाही. उपासाचे दिवस आहेत म्हणून खपून गेलं.

१७ मार्च, गुरुवार

पार्बताबाई एकटी आली. ओटी नाही, सूप नाही. पायरीवर बसली. गावात सारं कळलं आहे.

म्हणे, "मार्था, ऐक. गाडीवान लोक मरीमायले भेतात. आमी बाया दारात उभ्या रायतो अन् सांगतो, हे मरीमायचं देऊय हाय. मंग पायतो कोन आत कापूस टाकते ते. तू काई बोलू नोको. फक्त नाई म्हनू नोको."

मी तिले म्हटलं, वीस वर्षं नाही म्हणून राहिली, आता कापसाच्या भेवानं हो म्हणू? ती म्हणे, "हो कुठी मांगतलं म्या? तोंड बंद ठेव म्हनतो."

मले संताप आला. म्हटलं, ऊठ माह्या पायरीवरून. ती उठली. पण जाताना बोलली — "पटकीच्या साली तू अठीच निपचित पडली होती. तुह्या तोंडात पानी घालत बसली होती मी, अन् मायले नवस केला होता. तवा नाई इचारलं कोनी, मधी ‘या’ हाय का नाई."

ती गेल्यावर रडली मी. लाज वाटली म्हणून रडली. दहा वर्षं झाली त्या गोष्टीले, अन् तिले पाणी प्यायचंही कधी विचारलं नाही म्या.

पण अप्पाले वचन दिलं आहे. शेवटच्या दिवशी माह्या मनगटाले धरून म्हणाले होते, "काही झालं तरी तो ‘या’ पुसू देऊ नको, पोरी." मरता माणूस पोरीले घर सांगते, भांडीकुंडी सांगते. माह्या बापानं एक अक्षर सांगतलं. ते कसं सोडू?

२० मार्च

झावळ्यांचा रविवार — येशूले झावळ्या हालवून शहरात घेतलं तो दिवस. शिंदीची पानं म्या तोडली, म्याच हातात धरली, म्याच देवळाभोवती फिरली. तास वाजवला. मागं पाहलं तर पार्बताबाईची शेळी येऊन राहिली होती, पानं खायले.

२१ मार्च, सोमवार

होळीची वाटही पाहली नाही मेल्यानं. सकाळी दोन गाड्या दारात. गाडीवानांचा म्होरक्या पुंजाराम, बाळापूरकडचा. बाया माह्या आधी दारात पोचल्या होत्या. म्या बोलावलं नव्हतं, अन् पार्बताबाईले तं गुरुवारी हाकलूनही दिलं होतं.

पार्बताबाईनं सांगतलं, मरीमायचं देऊळ आहे. पुंजारामनं पागोटं काढलं, आत डोकावला, मूर्तीचं काळं तोंड पाहलं, खण पाहला, अन् बैलाइच्या पुढं जाऊन उभा राहिला. म्हणे, "माह्या घरी चार लेकरं हायेत. मी नाई उतरवत."

तेवढ्यात भगवंतराव आला. त्यानं काठी वर करून एकेक अक्षर दाखवलं. म — री — या. "मरीया! किरिस्तावांची. तुमची मरीमाय नाही. विश्वास नसन तर ह्या बाईले विचारा, तिचंच देऊळ आहे."

सारे माह्याकडं पाहाले लागले. बाया पण. पार्बताबाई तेवढी खाली पाहत होती.

माह्या तोंडातून काही निघालं नाही. हो नाही, नाही पण नाही. जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसली.

पुंजाराम म्हणे, "आमाले वाचता येत नाई. पन लिवलेलं आमी मोडत नाई. गावच्या पाटलानं वाचून सांगतलं, मधी ते अक्षर हाय, तं उतरवतो." पाटील परगावी गेला आहे, होळी करून गुरुवारी येते. तर गुरुवारी ठरलं — पाटील वाचन, अन् त्यावर फैसला.

गाड्या लिंबाखाली सोडल्या आहेत. अप्पाच्या कबरीले बैल बांधला होता. म्या सोडून दुसरीकडं बांधला.

२३ मार्च, बुधवार

सकाळपासून त्या अक्षराखाली बसली आहे. पोट्टे होळीची राख उडवत गेले, थोडी देवळाच्या भिंतीले लागली. पुसली नाही.

आता ठरलं. उद्या पाटील यायच्या आधी तो ‘या’ काढते. खुरप्यानं नाही निघणार, दगडातला आहे. लोहाराकडून छिन्नी मांगून आणली. चोरून नाही काढणार — भर उजेडात, साऱ्याइच्या समोर, शिडी लावून. दगड फोडल्याची खूण राहीन अन् भगवंतराव बोंबलन, ते माहीत आहे. बोंबलू दे. फुटलेलं अक्षर कोणाले वाचता येत नाही.

हे खोटं आहे. देवाले सरळ सांगतलं, हे खोटं आहे अन् मी ते करणार आहे. जिनं पोटच्या लेकराले राजापासून लपवून परक्या देशात नेलं, त्या मरीया मायले थोडं समजन. अप्पाले मात्र काय सांगू सुचलं नाही. तुमचं अक्षर ठेवलं तर तुमची कबर जाते, अप्पा. मी कबर ठेवते.

संध्याकाळी पार्बताबाईच्या घरी गेली. तिच्या उंबऱ्यात पहिल्यांदा पाय ठेवला. म्हटलं, उद्या शिडी धरशील? ती म्हणे, "बस. पानी पी."

२४ मार्च, गुरुवार

छिन्नी टेकवली अन् ठोकायच्या आधीच ‘या’ पोपडा होऊन खाली पडला. निव्वळ चुना होता. खाली दगड सपाट, कोरा — तिथं कधी काही खोदलंच नव्हतं. बाकीची अक्षरं पाण्यानं धुतली. चारही बोटाच्या पेराएवढी खोल, टाकीनं खोदलेली. मरी माय. अंतोनच्या माळणीनं हेच लिहून घेतलं होतं. ‘या’ अप्पाचा.

भगवंतराव ओरडला, बाईनं खोडलं. पाटलानं दगडावरून बोट फिरवलं अन् विचारलं, "खोडल्याची खूण कुठी आहे?" पुंजारामनं बैल वळवले. पोपडा पार्बताबाईनं उचलून माह्या हातात दिला, तो ह्याच पानात ठेवला आहे.

खोटं कराले वर चढली होती मी, अप्पा. तेही जमलं नाही.