मधला डबा

प्रिय सोमेश्वर,

पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास, तेव्हा दुसरा रस्ता ठेवलाच नाहीस. तुझी गाऱ्हाणी मात्र शिवरुद्रमामांकडून बरोबर पोचतात. रिंग वाजते, तरी मी आईला फोन देत नाही, म्हणे. मामा मानवतला बाजाराला आले की आधी हे ऐकवतात आणि मग चहा घेतात.

वायफायचे ते तीन पांढरे डबे गेल्या दिवाळीत तूच आणलेस. आपलं घर लांबच लांब, भिंती दगडी. इंटरनेट पुढं माझ्या फॉर्म भरायच्या दुकानात, आणि मागं आईच्या खोलीत मोबाइलला साधी रेंजही नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरच. तू एक डबा दुकानात ठेवलास, दुसरा मधल्या खोलीच्या कोनाड्यात, तिसरा तिच्या उशाशी. आणि शेजारी बसून समजावलंस, की हे तिन्ही मिळून एकच जाळं. भिंतींमुळं पहिल्याचं थेट तिसऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पहिल्यानं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आई म्हणाली, "म्हंजे मधल्यानं हात आखडला की माझ्यापोतर काईच येत न्हाई." तू हसलास, मीही हसले. पुढं रोज संध्याकाळी पुण्याहून तुझा व्हिडिओ कॉल यायचा आणि ती त्याआधीच विभूती लावून, पदर सारखा करून तयार असायची. एवढं तू केलंस, ते मी नाकारत नाही.

मग वाटणी झाली. हक्कसोडपत्रावर मी सही केली नाही, हा माझा गुन्हा. बहिणीनं साडीचोळी घ्यावी, सही ठोकावी आणि माहेर गोड ठेवावं, असं तुला वाटत होतं. बाबांचं दुखणं दोन वर्षं मी काढलं, तेव्हा नाही कुणी म्हणालं, वैजू, तुझा हक्क सोड. असो. पुढची खोली मला आली, मागची आईला, मधल्या दोन तुला. तू लगेच वेगळं मीटर घेतलंस आणि जाताना मेन स्विच पाडून दाराला कुलूप घातलंस. मी बोळात आडवी आले, म्हणाले, सोमू, कोनाड्यातला डबा तेवढा काढून दे, आईचा फोन बंद पडेल. तू म्हणालास, "माज्या खोलीतलं काईच हलणार न्हाई." आईच्या खोलीचं दार उघडंच होतं. तिनं ते ऐकलं.

त्यानंतर तिच्या उशाशी लाल दिवा. संध्याकाळ झाली की ती विचारायची, हिरवा झाला का? मी नाही म्हणायची आणि ती विभूती लावायची ती लावायचीच. सोमू, तुझ्याशी भांडण माझं होतं. कुलूप मात्र तिच्यावर पडलं. त्या दिवसांत मी तुला मनातल्या मनात फार वाईट बोलले आणि त्यातला एकही शब्द मला मागं घ्यायचा नाही.

आता खरं सांगते, त्यासाठीच हे पत्र. मामांना मी अजूनही सांगते, की मागं नेटवर्क धड नाही. ते खोटं आहे. इंटरनेट जोडणाऱ्या हरिओमनं दसऱ्याच्या आधीच दुकानातून आईच्या खोलीपर्यंत वायर ओढून दिली. तशी वायर जोडली की तिसऱ्या डब्याला मधल्याची गरजच उरत नाही. ती तुझ्या छतावरून गेली आहे, त्यावरून कोर्टात जायचं तर खुशाल जा. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. मी दुकान टाकून पळत गेले. उशाशी तिच्या इष्टलिंगाच्या डबीशेजारी फोन वाजत होता, वर तुझा फोटो. आईनं तो नीट बघितला आणि फोन पालथा घातला. मी उचलायला गेले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याला सांग, रेंज न्हाई." रोज तेच चाललं आहे. वाजणं थांबेपर्यंत ती फोनवर हात ठेवून बसते. डब्याचा दिवा हिरवा आहे, सोमू. आणि आई आता विभूती फक्त सकाळी लावते.

सही न करताही तुझीच,
वैजूताई