आईचं आंबवण

नजाह,

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी उन्हात फुगवलेली माझी भाकरी खाऊन तू रडलीस. "अगदी आईच्या हातची चव!" म्हणालीस आणि पुढच्या भाकरीचं पीठ फुगवायला आंबवणाचा गोळा डब्यात घालून कैरोला नेलास.

तो आईचा नव्हता गं. आई गेल्यावर रिवाजाप्रमाणे घरची भट्टी पेटली नाही, शेजारणी जेवण आणायच्या. आईचा गोळा कोनाड्यात तसाच राहिला. पाहिला तेव्हा काळी बुरशी!

शेवटी तफीदाकडे मागितला. आई जन्मभर जिच्या भाकरीला नावं ठेवायची, तीच शेजारीण. "ने बाई," ती म्हणाली, "तुझी आई असती तर माझ्याच तोंडावर फेकला असता."

काल फोनवर म्हणालीस, "आई माझ्या स्वयंपाकघरात आहे." तिथे तफीदा आहे गं. पण तुला हे सांगायचं त्राण माझ्यात नाही, म्हणून हे पत्रही टपालात टाकणार नाही.

थकलेली,
इन्साफ