बिनकाट्याचा हलवा

बाबा,

पाकात बोट बुडवून तुम्ही नेमकं काय बघायचात ते मला आज पाहिजे होतं. आज शुक्रवार, इथं सुट्टीचा वार. चार दिवस काम सुटल्यावर बसत होतो, आज सकाळपासून मी सगळ्यांच्या मिळून असलेल्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातली एक शेगडी धरून बसलोय आणि थाळीतल्या साबुदाण्यावर चमचा चमचा पाक सोडून बोटांनी फिरवतोय. चार बोटं लाल झालीत. साखर दाण्याला लागते, दाणा फुगतो, पांढरा होतो, पण काटा काही फुटत नाही. औषधाच्या दुकानात मिळतात तशा गुळगुळीत गोळ्या होतात. तुम्हाला विचारावं म्हटलं तर तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. दुसऱ्या थाळीला पाक जास्त आटवलाय, ती सुकायला ठेवलीय, तोवर लिहितो. सातवीतून शाळा सोडलेला माणूस पत्र लिहायला बसलाय, म्हणजे अडचण केवढी असेल ते समजून घ्या.

तुम्हाला नात झाली, बाबा. सात महिन्यांची आहे. मी मस्कतच्या पुढं पाइपांच्या कामावर आलो तेव्हा ती पोटात होती, त्यामुळं मी तिला फोटोतच बघितलंय. या संक्रांतीला तिचं बोरन्हाण. बायकोचं पत्र आलं, "काळं झबलं आई शिवतायत. दागिने विकतचे आणू की तुम्ही करून पाठवता? तुम्हीच म्हणाला होतात, आमच्या घरात हलव्याचे दागिने विकत आणत नाहीत." हे मी बोललो होतो खरं. लग्न ठरवायला शिरगावला तिच्या घरी गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, काय काय येतं तुम्हाला? नोकऱ्या सांगाव्या तर पाच सोडून झाल्या होत्या. मग मी तुमचं नाव पुढं केलं. आमचे बाबा हलव्याचे दागिने करायचे, सगळी आळी घेऊन जायची, आणि ते मला पण येतं, असं ठोकून दिलं. आता पोरीच्या अंगाला माझ्या हाताचं काहीतरी लागावं एवढंच डोक्यात बसलंय. मला तर तिचं वजनसुद्धा माहीत नाही. इथल्या स्टोअरचे काका सुट्टीवर आपल्याच बदलापूरला चाललेत, त्यांची गाडी आज चारला विमानतळाकडं निघते. डबा नेईन म्हणालेत.

तुम्ही अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होतात. वाफेशी तुमचं लग्न झालंय असं आई म्हणायची. थंडी पडली की माळ्यावरची पितळी परात खाली यायची. बेलवलीच्या घरात दाराशी शेगडी मांडून, निखाऱ्यांवर राख पसरून, तुम्ही पहिली पाळी करून आलात की रोज दोन तास बसायचात. चमचाभर पाक, मग नुसती बोटं. घट्टे पडलेली तुमची बोटं त्या तापल्या परातीत अशी फिरायची की जणू कुणाच्या केसांतून फिरतायत. चौथ्या-पाचव्या दिवशी दाण्याला काटा यायचा आणि तुम्ही एक दाणा हातावर घेऊन मला दाखवायचात. "बघ. घाई केली की चपटा होतो." आई पुठ्ठे कापायची, काळं कापड लावायची, दोऱ्यात एकेक दाणा अडकवायची. आळीत कुणाची पहिली संक्रांत असली, कुणाच्या बाळाचं बोरन्हाण असलं, की दागिने आपल्याकडून. पोचते करायला तुम्ही स्वतः जायचात, धुतलेला शर्ट घालून. समोरच्या काकू दारातून म्हणायच्या, "भाऊजी, आमच्या ह्यांना चहा गाळता येत नाही. पाठवू का शिकवणीला?" तुम्ही म्हणायचात, "पाठवा की. फक्त बोटं मोजून पाठवा, परत तेवढीच मिळतील याची खात्री नाही." सगळ्या हसायच्या आणि मी घरातून निघून जायचो. नाक्यावरची पोरं मला हलवाई म्हणायची. एकदा मी तुम्हाला म्हणालो, हे बायकांचं काम कशाला करता? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग बायकांचं तरी शिक. पुरुषांचं शिकून काय दिवे लावलेस ते बघतोच आहे."

ताईची पहिली संक्रांत आली त्या वर्षी तुम्ही पंधरा दिवस आधी बसलात. काळी साडी सासरची, दागिने माहेरचे, असं बोलणं झालं होतं. हार, बाजूबंद, बिंदी, बांगड्या, कमरपट्टा. जावयाला घड्याळ. घड्याळाच्या तबकडीला तुम्ही खसखशीचा बारीक हलवा लावलात आणि सोनेरी कागदाचे काटे कापून दहा वाजून दहा मिनिटं लावलीत, दुकानातल्या घड्याळात असतात तशी. हे सगळं मिठाईच्या मोठ्या खोक्यात कापसावर मांडलंत आणि कोपऱ्यात कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवलीत. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणालात, "दमट लागलं तर तांदूळ पितो. साखरेला वाफ चालत नाही." तुमची पहिली पाळी होती, आई तुमच्याबरोबर संध्याकाळी येणार होती, म्हणून खोका मी सकाळी पोचवायचा. मी तेव्हा उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात होतो, ताईच्या घरापासून दहा मिनिटांवर. निघताना तुम्ही दोनदा सांगितलंत, "सरळ ताईकडं जा. वाटेत कुठं टेकू नकोस."

मी टेकलो. एकट्यानं खोका घेऊन सासरच्या बायकांत जायचं मला जिवावर आलं होतं. म्हटलं कामावर जाऊ, दुपारी सुटल्यावर देऊ. दारातच पोरांनी धरलं. "क्या रे, दहेज लेके भाग रहा है क्या?" एकजण दोरी सोडायला लागला तसा मी खोका हिसकावला आणि कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून आत नेऊन फळीवर ठेवला. फळी इस्त्रीच्या टेबलाच्या बरोबर वर होती. वाफेची इस्त्री, बाबा. सकाळपासून पँटींवर फुस्स फुस्स करत होती. मी ती रोज बघायचो, आणि मला सुचलं नाही. सिंधी शेटनं बाराला सुट्टी दिली, "चल साईं, जा, पतंग उडाव." पोरं गच्चीवर गेली, मीही गेलो. खाली इस्त्रीवाला एकटाच उरलेला माल काढत होता. चार वाजता मला खोका आठवला. हातात घेतला तर पुठ्ठा खालून मऊ लागला. उघडून बघायची हिंमत झाली नाही. दोरी बांधलेली होती तशीच नेऊन दिली.

हळदीकुंकवाच्या वेळेला ताईच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर खोका उघडला, तेव्हा तुम्ही दोघं नुकतेच येऊन टेकला होतात. "अगं बाई, याला पाणी सुटलंय की!" हार उचलला तर कापूस चिकटून आला. दाण्यांचे काटे गेलेले, दोरा साखरेत रुतलेला, बांगड्या एकमेकींत बसलेल्या. दाजींनी बिचाऱ्यांनी चांगुलपणानं घड्याळ मनगटाला बांधलं, तर दोन्ही काटे घरंगळून सतरंजीवर पडले. मागून कुणीतरी म्हणालं, "जावईबापूंची वेळ गेली!" आणि हशा झाला. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "विहीणबाई, सांगितलं असतंत तर आम्ही बाजारातून आणले असते. फोटोवाला बोलावलाय आम्ही." ताई काळ्या साडीत बसली होती, गळा मोकळा. ती दाराकडं बघत राहिली. तुम्ही उठलात, खोका खिडकीशी नेलात. एक दाणा नखानं फोडून बघितलात. मग ती तांदळाची पुरचुंडी काढलीत, अंगठ्यानं दाबलीत आणि शर्टाच्या खिशात टाकलीत. माझ्याकडं बघितलंत. मी चिवड्याची बशी धरून उभा होतो. मग तुम्ही वळून सासूबाईंना हात जोडले. "माझाच पाक कच्चा राहिला. वय झालं आता." मी बशीतला चिवडा खाल्ला. बाजारातून तयार दागिने आले, फोटो निघाले. त्या फोटोत आई आहे, मी आहे. तुम्ही नाही.

पुढच्या थंडीत समोरच्या काकू सुनेसाठी विचारायला आल्या. तुम्ही म्हणालात, "नको वहिनी, हात साथ देत नाही." त्या गेल्यावर तुम्ही परात खाली काढलीत, पुसलीत, आणि ती मांडीवर घेऊन मला म्हणालात, "यंदा करायचं का रे?" मी बुटाची नाडी बांधत होतो. म्हणालो, "मला काय विचारता?" तुम्ही परात पालथी करून माळ्यावर ठेवून दिलीत. त्यानंतर मी वापीला गेलो. गणपतीच्या आधी निरोप आला, मी पोचलो तेव्हा तुमचं सगळं होऊन गेलं होतं. मला फक्त तिसऱ्या दिवसाचं, अस्थी गोळा करायचं काम मिळालं.

मधेच उठावं लागलं. दुसऱ्या थाळीतल्या दाण्यांना काटा आला होता, बाबा. बारीक, पण होता. मी आनंदानं थाळी ओट्यावर ठेवून दोरा आणायला खोलीत गेलो. तेवढ्यात इथल्या मल्याळी आचाऱ्यानं भाताच्या मोठ्या पातेल्याचं झाकण तिच्या शेजारीच काढलं. परत आलो तर दाणे ओले, एकमेकांना धरून बसलेले, काटे गेलेले. हुबेहूब ताईच्या खोक्यातले. पहिल्या थाळीतले कच्च्या पाकाचे दाणे शेजारीच होते. दोन्ही हातात घेऊन मी उभा राहिलो. दोन्ही सारखे दिसतच नाहीत. कच्च्या पाकाला काटा फुटतच नाही, आणि तुमच्या दाण्यांचा काटा तर सगळ्या आळीनं बघितला होता. तुम्ही तीस वर्षं वाफेत काढली होतीत. तुम्ही तांदूळ दाबून बघितलात. तुम्हाला त्याच मिनिटाला कळलं होतं. मी कुठं कामाला आहे, तिथं काय चालतं, तेही तुम्हाला माहीत होतं. तरी पाक कच्चा म्हणालात. आईनं एकेका काट्यात अडकवून दोरा बांधला होता, म्हणजे आईलाही कळलं असणार. मला वाटत होतं मी लपवतोय. आणि परात मांडीवर घेऊन तुम्ही विचारलंत तेव्हा मी नुसतं "हो" म्हणायचं होतं. दुसरं काही सांगायचीसुद्धा गरज नव्हती.

आचाऱ्याला बोलून काय उपयोग. तो "सॉरी भाई" म्हणाला आणि मला भात वाढला.

काका गेले. साडेचार झालेत. वाफ लागलेले दाणे फेकून दिले आणि गुळगुळीत गोळ्यांचाच हार बांधला. दोरा काट्यावाचून धरत नाही, प्रत्येक दाण्याला दोन गाठी माराव्या लागल्या, तरी अर्धे निसटले. बांगड्या, मुकुट काही जमलं नाही. तासाभरात एक घड्याळ झालं. पोरीला घड्याळ कशाला लागतं, पण मला तेवढंच नीट आठवत होतं. दहा वाजून दहा मिनिटं. डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवली. काकांना बजावून सांगितलं, वाटेत कुठं ठेवू नका, तर ते म्हणाले, "अरे, विमान काय माझ्या मांडीवर असणार आहे का?"

हे पत्र कुठं टाकणार, घडी घालून ट्रंकेतच ठेवीन. पण एक सांगायचं राहिलंय. डब्यात बायकोसाठी चिठ्ठी ठेवली. गाडीचा हॉर्न वाजत होता, घाईत लिहिली. ती हसेल, तिच्या घरचे हसतील, असं मनात आलं. म्हणून लिहिलं, काटे नाहीत म्हणून नावं ठेवू नकोस, आमच्या बाबांचा हलवा असाच असायचा, बिनकाट्याचा, त्यांनी शिकवला तसा केलाय. सगळं कळल्यावर, दोन तासांनी लिहिलं हे. गाडी वळल्यावर लक्षात आलं. आपल्या आळीतल्या वाण्याच्या दुकानात फोन आहे, इथून लाइन लागली तर बायकोला बोलावतील, पण त्या गर्दीत ओरडून मी तिला काय सांगू?

आईला वाचता येत नाही. चिठ्ठी तिला मोठ्यानं वाचून दाखवतील.