हसलं की दुखणारं डोकं

तीर्थरूप मामा,

उभ्यानेच नमस्कार. (वाकलो की मानेच्या वर घण पडतात, नाहीतर रीतसर पाया पडलो असतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो.

लाँड्रीत मी गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट जाळला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. आईला वाटलं, मी कुणाच्या तरी विचारात होतो. (असतो तर बरं झालं असतं.) आमच्या धंद्यात इस्त्री तापली का, ते बोट टेकवून पाहतात. मी टेकवलं, तर गार. आच वाढवली, तरी गारच. इस्त्री कोटावर ठेवून ती बिघडली म्हणून मी मालकांशी वाद घालत होतो, तेवढ्यात वास आला. वास दोन होते. एक कोटाचा, दुसरा माझ्या बोटाचा. बोटावर फोड उठला होता आणि मला पत्ता नव्हता.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो दाखवला. कवटीत मागची जागा जन्मापासून अपुरी आहे, म्हणून मेंदूचा खालचा भाग मानेत उतरलाय. त्यामुळे मणक्यात पाणी साठून हातांना गरम-गार कळेनासं झालंय, आणि खोकलो, शिंकलो, हसलो की डोकं फुटायला येतं. ताई म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही म्हणायचो, याला डोकं नाही. आणि याचा तर मेंदू मावत नाहीये!" मी हसलो आणि भिंत धरून खाली बसलो. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त भाजी काय करू, एवढंच बोलते.

सोमवारी मागचं थोडं हाड काढून जागा करणार आहेत. हसण्याचं दुखणं बहुधा जाईल, हातांचं सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. (हातांच्या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.) जिवाला धोका किती, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा मीच विषय बदलला.

तुम्ही मात्र येऊ नका. तुम्हाला नुसतं पाहिलं तरी हसू येतं.

तुमचा भाचा

ता.क. येऊ नका म्हणजे आधी येऊ नका. ऑपरेशन झालं की या, आणि बसमध्ये तुमची कवळी हरवल्याची गोष्ट सांगा. हसूनही डोकं दुखलं नाही, तर जमलं म्हणायचं.

आणखी एक. मी हसलोच नाही, तर आईला सांगा, गोष्ट जुनी होती, याने आधी ऐकलेली होती.