विहीणबाईंचं लाल पेन आणि माझा विध्यर्थ

ती. सौ. आक्का हिला,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कागदावर जेवढं वाकता येतं तेवढी वाकले आहे, उरलेलं भेटीत.) तुझे गुडघे कसे आहेत? उजवा बरा आणि डावा रुसलेला, असं मागे लिहिलं होतंस. डाव्याची समजूत पटली असेल तर उजव्याच्या कानावर घालू नकोस, नाहीतर तो सुरू होईल. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. यांचा खोकला गेला, छताची ओल गेली नाही. इतके महिने पत्र नाही म्हणून तू फुगून बसली असशील, आणि बस, तुझा हक्कच आहे. पण आक्का, मी हातावर हात ठेवून बसले नव्हते. मी जिंकले! कशात जिंकले ते पहिल्यापासून सांगते, कारण एकदम सांगितलं तर तुझा विश्वास बसायचा नाही. मी फ्रेंच क्रियापदं चालवायला शिकले. तीही साध्यासुध्या काळात नव्हे, भूतकाळातल्या विध्यर्थात.

झालं असं. लेक सासरी, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांत, जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि नात आता चुरुचुरु बोलायला लागली. दर रविवारी फोनवर दिसते. एका रविवारी तिने आपल्या मैत्रिणीला फोन दाखवून काहीतरी सांगितलं आणि दोघी डोळे विस्फारून माझ्याकडे बघायला लागल्या. लेक सांगेना. मी खनपटीलाच बसले, तेव्हा कळलं. "ही माझी दुसरी आजी. हिला पाय नाहीत." अगं, फोनमध्ये मी खांद्यापर्यंतच दिसते ना! मी तडक फोन खाली नेऊन पाय दाखवले, पण पोरगी तोवर पळाली होती आणि माझे पाय बघितले ते जावईबापूंनी. (नेमके त्या दिवशी यांचे जुने मोजे घातले होते. एकातून अंगठा बाहेर.) फोन ठेवून मी देवापुढे जाऊन बसले. एकच मागितलं, यंदाच्या मोठ्या सुट्टीत नात माझ्याकडे यावी आणि हे जे पाय आहेत त्यांना लोंबकळावी.

पण देवाच्या वर विहीणबाई आहेत. (देवा, माफ कर, पण सुट्टीच्या बाबतीत आहेत.) नात दर सुट्टीला त्यांच्याकडे जाते आणि त्या घरात कोणी कुठे जायचं हे त्याच ठरवतात. जन्मभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. मी लेकीला म्हटलं, तू विचार की त्यांना. तर म्हणते, "आई, त्यांना तोंडी विचारलेलं चालत नाही. विनंती लेखी लागते, आणि तीही त्या जुन्या काळात. साध्या काळात मागितलं तर त्या म्हणतात, हा हुकूम झाला. मागच्या वर्षी मी लिहिलं होतं. माझं पत्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तपासलं." आणि पुढे म्हणते, "तू या फंदात पडू नकोस." मला कोणी फंदात पडू नकोस म्हटलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

आमच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक तरुण बाई भाषांच्या शिकवण्या घेते. तिच्याकडे गेले आणि सांगितलं, मला बाकीचे काळ नकोत, हा एवढा एकच द्या. ती म्हणाली, "काकू, सुरुवात 'मी आहे, तू आहेस'पासून करतात." मी म्हटलं, मी आहे हे मला माहीत आहे, आणि तू आहेस हे दिसतंय. जे लागणार नाही ते कशाला घ्यायचं? उगाच घरात अडगळ! ती हसली. म्हणाली, "पण हा काळ तिकडचे लोकसुद्धा आता बोलत नाहीत, नुसता पुस्तकात असतो." म्हटलं, माझ्या विहीणबाई पुस्तकातल्याच आहेत. मग तिने दार पूर्ण उघडलं.

आणि खरं सांगू? मला वाटलं होतं तेवढं ते परकं निघालं नाही. अमक्याने यावं, तमक्याने करावं, असं आपल्याला वाटत होतं, तेव्हा वापरायचं ते रूप. म्हणजे आपला सगळा संसारच की! नळाला पाणी यावं, यांनी गरम आहे तोवर जेवावं, मुलीने पत्र लिहावं, असंच वाटण्यात आयुष्य गेलं, फक्त त्याला इतकं मोठं नाव आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. अर्थ झटकन कळला. जीभ मात्र वळेना. प्रत्येक क्रियापदाच्या शेपटीला 'आस, आस, आ, आस्यों, आस्ये, आस' असं काहीतरी लागतं, म्हणजे फोडणीत पाणी पडल्यासारखं. मी ते जपमाळेवर धरलं. एक मणी देवाचा, एक क्रियापदाचा. (देवाची हरकत दिसली नाही. त्याच्या वाटचे मणी मी कमी केले नव्हते.) हिशेब लिहितानाही तोंड चालूच. महिनाअखेर दुधाच्या बेरजेत एक क्रियापद शिरलं आणि यांनी दूधवाल्याशी भांडण काढलं.

एका सकाळी हे बाहेरून आले तर घरात 'स्स... स्स...'. यांनी आव पाहिला ना ताव, सिलिंडर बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि खाली जाऊन गॅसवाल्याला ओढून आणलं. मी आपली माळ घेऊन डोळे मिटून बसलेली, 'आम्ही यावं' आणि 'तुम्ही यावं' यांच्या मधे अडकलेली. गॅसवाल्याने नळीला साबणाचा फेस लावला, शेगडी उलटी केली, कान लावून ऐकलं. मग यांना हळूच म्हणाला, "साहेब, गळती इथे नाही. तिकडे देवापाशी आहे." मी डोळे उघडले तर दोघं माझ्याकडे बघतायत आणि जेवण अर्धं कच्चं. त्या दिवशी यांना फोड करून सगळं सांगावं लागलं. आधी पोट धरून हसले. मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःच बसून माझा पाठ घ्यायला लागले. चुकलं की चमचा वाजवायचे. हे माझ्या चुका काढत होते आणि लग्नापासून पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.

पत्र लिहिलं. सुट्टीत नात इथे यावी अशी माझी फार इच्छा होती, एवढंच, पण त्या काळात. पाठवलं. आठवडे गेले आणि आलं काय? माझंच पत्र परत! लाल पेनाने रंगलेलं. 'तिने यावं' या एका रूपावर टोपीसारखी छोटी खूण लागते, ती मी विसरले होते, तर शेजारी विहीणबाईंचा शेरा (शिकवणीच्या बाईने वाचून दाखवला): "मूल उन्हात, टोपी नाही." नात येणार की नाही, यावर अक्षर नाही. मी रडायच्या बेतात होते. आणि मग, आक्का, माझं लक्ष पाकिटाकडे गेलं. पाकीट माझंच होतं! मी पाठवलेलं, पण जोड अलगद सोडवून, आतली बाजू बाहेर करून, डिंकाने नीट चिकटवलेलं. तू आणि मी जशी उलटतो, अगदी तशीच. कोपरेसुद्धा दाबलेले. मी म्हटलं, ही बाई पाकीट फेकत नाही. जी पाकीट फेकत नाही ती माझी विनंती कशी फेकेल? ती मला नापास करत नव्हती गं, पुन्हा बसायला सांगत होती.

मग काय, पदर खोचला. दुरुस्त करून पाठवलं, त्याच पाकिटाला पांढरी पट्टी लावून. परत आलं, लाल थोडं कमी. पुन्हा पाठवलं. पाकीट इतक्या थरांचं झालं की पोस्टातला कारकून म्हणाला, "आत काय भरलंय?" म्हटलं, विनंती. लेकीचा फोन, "आई, सासूबाई रोज सकाळी टपालपेटी उघडून बघतात, तुमचं काय चाललंय?" म्हटलं, आम्हा दोघींचं आहे, तू मधे पडू नकोस.

परवा पाकीट आलं. पत्र परत नव्हतं! त्यांनी ते ठेवून घेतलं होतं. आत नवा कागद, लाल एक थेंब नाही, निळ्या शाईत, जुन्या वळणाचं अक्षर. शिकवणीची बाई जिन्यातच वाचायला लागली आणि वाचता वाचता पायरीवर बसली. त्यांनी लिहिलं होतं, सुनेचं पत्र बघून वाटलं होतं की हे लोक एकदा लाल शाई दिसली की लिहायचं सोडतात, तुम्ही सोडलं नाहीत. नात येईल. पूर्ण सुट्टी येईल. मी जिन्यातच देवाला हात जोडले, यांनी खालच्या शिंप्याला मिठी मारली, गॅसवाला जात होता त्यालाही सांगितलं. आक्का, जिने स्वतःच्या सुनेला पास केलं नाही तिने मला पास केलं! सगळी गल्ली आता मला वाट देऊन चालते.

तुझ्या घरच्या थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुझी,
फ्रेंच क्रियापदांना पुरून उरलेली धाकटी

ता. क. एक लिहायचं राहिलं. एवढी लहान पोर एकटी कशी येणार, म्हणून विहीणबाई तिला घेऊन स्वतः येतायत. पूर्ण सुट्टी. माझ्याशी मनमोकळं बोलायला, असं लिहिलंय.

दुसरा ता. क. मला बोलता येत नाही. 'आपण बसावं असं मला वाटत होतं' हे येतं, पण 'बसा' येत नाही. पाणी हवं का, आंघोळीचा नळ कुठला, काही येत नाही. यांनी तर गल्लीभर सांगून ठेवलंय की मी फाडफाड बोलते. तुला कुठलीच भाषा लागत नाही, नुसत्या भुवया आणि हात हलवून तू परक्या बाईकडून तिच्या सुनेची चहाडी काढून घेतेस, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून गुडघ्यांची चौकशी केली. ये गं. पाहुण्यांच्या आधी ये, आणि त्या जाईपर्यंत राहा.

तिसरा. येताना तुझी गादी घेऊन ये, इथली विहीणबाईंना दिली आहे. आणि उशीर करू नकोस. तू येईपर्यंत माझा घसा (मुद्दाम) बसलेला असणार आहे, पण मला गप्प बसलेली बघून यांना डॉक्टर बोलावायला किती वेळ लागेल, ते तूच सांग.