मालिकेतली मोटर आणि मीनल

बडोदे, रविवार, संध्याकाळ

दुपारच्या मालिकेत नायिकेने पंख्याची जळालेली मोटर नव्या तारेने भरली, पण खाचांत इन्सुलेशनचा कागद न घालता! जळणारच ती. हेच काम मी गुरूशिवाय, मोटरी जाळत शिकलोय, मला दिसणारच. बोललो तर ही म्हणाली, "अहो, बाई दुकान चालवतेय ते बघा, कागद काय बघता!"

लेक मीनल हसली नाही. "बाबा, मग मला शिकवा ना. दोन वर्षं मागे लागलेय."

मी टाळत आलो. का? वाडी भागातल्या माझ्या दुकानात मुलगी मोटरी भरताना बघून गिऱ्हाइकं काय म्हणतील म्हणून?

घरातली जुनी मोटर दिली. मीनलने न सांगता आधी कागद कापले. अठ्ठावीस खाचा भरल्या. मी टेस्टिंगच्या दिव्याला जोडून तपासलं, कुठे शॉर्ट नाही.

"चालेल ने, बाबा?" तिने बडोद्याचा गुजराती "ने" लावून विचारलं.

चालेल. उद्या दुकानात दुसरं स्टूल लागेल, माझ्याइतकंच उंच.